खोट्या रुग्णांची चाचणी

"मग आता मोजायचं तरी काय राहिलं, सर?"

उत्पल गाडेच्या आवाजात नम्रता होती, पण वरवरची. सर हो म्हणणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

हळबे सरांनी सहीचा कागद चहाच्या कपाशेजारी सरकवला. रुग्णालयाच्या संगणक खोलीत ते इतकी वर्षं बसले होते की तिथला गारठा त्यांच्या सांध्यांत मुक्कामाला आला होता. उत्पलला त्यांनीच शिकवलं आणि त्यांनीच डोक्यावर चढवून ठेवलं. आता निवृत्त होता होता एक सही तेवढी उरली होती. ती झाली की उद्या सकाळपासून सगळ्या रुग्णांचे कागद नव्या मशीनवर, नव्या फाइल सिस्टिममध्ये जाणार होते.

उत्पलने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चाचणीला खरे रुग्ण वापरता येत नाहीत, म्हणून त्याने खोटे तयार केले होते. खोटी नावं, खोटे एक्स-रे, खोटे रक्ताचे रिपोर्ट. एक प्रोग्राम ते सगळं लिहीत होता आणि वाचत होता, भर सोमवारच्या ओपीडीसारखं. वाचायचा वेग जुन्याच्या वीसपट निघाला होता.

"वीसपट," सर म्हणाले.

त्यांना आनंद झालेला दिसला नाही. या वयात वीसपट काहीही ऐकलं की माणूस आधी दमतो.

"तू इथे का राहिलास, उत्पल?"

"म्हणजे?"

"पहिल्याच महिन्यात सोडून जाणार होतास. मग राहिलास."

उत्पल खिडकीकडे वळला.

"खरातबाईंमुळे," तो म्हणाला.

खरातबाईंना बेशुद्ध अवस्थेत आणलं होतं. कोणतं औषध त्यांना चालत नाही, ते त्यांच्या जुन्या कागदांत लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी कागद मागितले आणि मशीन शोधत बसलं. पडद्यावर ते उमटले तेव्हा इंजेक्शन देऊन झालं होतं. बाई गेल्या. त्या दिवशी उत्पल जिन्यात बसून रडला होता, आणि असं पुन्हा होऊ देणार नाही असं सरांना म्हणाला होता. नवं मशीन त्या बोलण्यातूनच आलं होतं.

"त्यांचे कागद किती जुने होते?"

"नऊ वर्षांचे."

"आणि तुझ्या खोट्या रुग्णांतला सगळ्यात जुना?"

उत्पलने मनात हिशेब केला. त्याचा प्रोग्राम एक रुग्ण लिहायचा आणि लगेच तोच वाचायचा.

"अर्धं मिनिट..."

सर गुडघ्यावर हात टेकून उठले. नवं मशीन अजून कुणाच्या कामाला लागलेलं नव्हतं, त्यात खोट्यांखेरीज कुणीच नव्हतं. त्यांनी ते बंद केलं. पंखे घरघरत थांबले. आता फक्त जुन्या मशीनची घरघर उरली.

थोड्या वेळाने सरांनी मशीन परत चालू केलं.

"आता लिहू नकोस. नुसतं वाच."

उत्पलने तेच खोटे रुग्ण पुन्हा मागवले. मघाशी लिहिलेलं मशीनला तात्पुरत्या मेमरीत तोंडपाठ होतं, बंद केल्यावर तेवढी पाटी पुसली गेली. आता प्रत्येक कागदासाठी त्याला डिस्कवर, खऱ्या साठ्यात जावं लागत होतं.

दोघं बसून राहिले. सरांचा चहा गार झाला.

शेवटी वाचायच्या वेगाचा आकडा आला. जुन्या मशीनच्या आकड्याशेजारी ठेवला तर सख्खे भाऊ वाटावेत.

उत्पलने सहीचा कागद हळूच स्वतःकडे ओढून घेतला. त्याला फार वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर सरांनाही.

"एवढं मंद कसं झालं, सर?"

हळबे सरांनी गार चहा एका घोटात संपवला.

"मंद झालं नाही... साठवलेलं तू त्याला आत्ता पहिल्यांदा विचारलंस."