भोपळ्याच्या आतलं नाव

"पट्टी पुढं लावायची का मागं? तेवढंच सांगा, चाचा."

सन्मती मगदूमनं गिटार सतरंजीवर ठेवली. शेजारी पितळी पट्टी. नाव आधीच कोरून आणलेलं: तुषार होगाडे, मिरज.

बाबालालचाचा तंबोरे करायचे. सूर कानानं कसा ओळखायचा हे सन्मतीला त्यांनीच शिकवलं होतं. तुषारलाही. दोघं एकाच वर्षी दुकानाची पायरी चढले. एक गाणी करायला लागला, दुसरा ती जपायला.

तुषारला जाऊन बारा दिवस झाले होते. चौतिसाव्या वर्षी, काविळीनं. हे काय जायचं वय झालं?

"उद्या शोकसभा," सन्मती म्हणाला. "जयसिंगपूर, कागवाड, सांगली... सगळीकडून माणूस येणार. मोठ्या कंपनीनं बोलावलं होतं त्याला मुंबईला. गेला नाही! म्हणाला, गाणी मिरजेतच करणार, ज्याला ऐकायची त्यानं यावं. आणि आले की लोक! आहे का असा दुसरा कोणी?"

"न्हाई," चाचा म्हणाले. छाती त्यांचीही फुगली होती, खोटं कशाला बोला.

"सभा झाली की गिटार वाचनालयात. काचेच्या कपाटात, कुलूप लावून."

"आणि गाणी?"

सन्मतीनं पिशवीतून वही काढली. एक्केचाळीस गाणी, तारखेसकट.

"ही बघा. शब्द न् शब्द. पहिल्या कार्यक्रमाला ऐकायला आम्ही सातजण होतो, चाचा. त्यातला मी एक. उद्या जो गाईल तो यातलंच गाईल. काल स्टँडवर चार पोरं त्याचं गाणं म्हणत होती, सगळं चुकीचं. गप्प केलं मी."

"झाली गप्प?"

"झाली म्हणजे... उठून गेली."

चाचांनी गिटार मांडीवर घेतली. तुटकी तार काढली आणि नवी चढवायला लागले.

तेवढ्यात सुशीलामावशी दारावरून चालल्या होत्या. दवाखान्यात आया होत्या, ड्युटी संपवून घरी निघालेल्या. गुणगुणत होत्या.

*वॉर्डाच्या खिडकीतनं कोण मला बघतंय...*

सन्मती ताडकन उठला. "मावशी, थांबा! 'खिडकीतनं' नाही. 'अंकलीच्या पुलावरनं कोण मला बघतंय.' असं आहे ते."

"असंल बाबा." मावशी थांबल्या. "पण आमच्या पेशंटास्नी पूल कुठनं दिसायचा? त्यास्नी खिडकीच दिसती. एक म्हातारी तर ह्ये म्हटल्याबिगर गोळीच घेत न्हाई."

"कुणाचं गाणं आहे, ठाऊक आहे का?"

"कुणाचं म्हंजे? आमच्या वॉर्डातलंच हाय की!"

आणि गेल्या.

सन्मती मटकन खाली बसला.

"नावसुद्धा माहीत नाही, चाचा... बारा दिवस झालेत फक्त. मी नाही जपलं तर विसरतील हो त्याला. माझा दोस्त होता तो."

आणि रडला. सभेची धावपळ करताना बारा दिवसांत एकदाही रडला नव्हता.

चाचांनी त्याला रडू दिलं. मग उठले. कोपऱ्यातून एक जुना भोपळा आणला, तंबोऱ्याचा, मधोमध फुटलेला. त्याच्या हातात दिला.

"आत बघ."

आतल्या बाजूला शाईनं काहीतरी लिहिलेलं होतं. सन्मतीनं उजेडाकडं धरून वाचलं. कासीमसाहेब, मिरज.

"तुमचे अब्बा?"

"व्हय. भोपळा कापून साफ केला की आधी आत नाव लिहायचे, मग वर लाकूड चिकटवायचे. बावन्न वर्षं गाणाऱ्यांच्या मागं वाजला हा. गेल्या साली एस.टी.तनं पडला, तवा नाव दिसलं."

"बावन्न वर्षं कुणालाच माहीत नव्हतं?"

"तुझ्या कानाला माहीत होतं की. दुरुस्तीला यायचा तवा ह्याच्यावरच तुला सूर शिकवला. तुला आणि त्याला."

सन्मती भोपळ्यावरून हात फिरवत राहिला...

"तुम्ही पण आतच लिहिता?"

"मग? कासीमसाहेबाचा पोरगा हाय मी!" चाचांनी मान ताठ केली. तेवढी ऐट त्यांना शोभत होती.

मग तार पिळली, कान लावला, पुन्हा पिळली. गिटार बोलायला लागली. ऐकता ऐकता चाचांचेही डोळे भरले, पण हात थांबला नाही.

"ही वही मग... फाडू?"

"खुळा का काय! जपून ठेव. फुटल्यावर लागंल."

"आणि पट्टी?"

चाचांनी पट्टी उचलली, वहीत घातली आणि वही मिटली.

सन्मतीनं डोळे पुसले. गिटार दोन्ही हातांनी घेतली. उंबऱ्यापर्यंत गेला आणि वळला.

"कपाटाचं सांगून बसलोय सगळ्यांना. उद्या हिचं काय करू, चाचा?"

"सभेत सगळ्यांना गायला लाव. जो सगळ्यात जास्त चुकंल, त्याच्या हातात दे."