आवडीची पायरी

आपल्या पणज्यांनीही जी कुणाकडून तरी ऐकलेलीच होती, अशी फार जुन्या काळची ही गोष्ट. कातळवणे गावात तेव्हा परशा घडशी सनई वाजवायचा. आवडी ही त्याची बायको.

शिमगा संपला की जाखाई देवीची पालखी गावातून डोंगरावरच्या देवळात परत जायची. पायऱ्या तीनशे. पहिल्या पायरीला लागलेला सनईचा सूर शेवटच्या पायरीपर्यंत तुटू द्यायचा नाही, असा रिवाज होता. गालात वारा साठवायचा, नाकाने श्वास ओढायचा आणि फुंकत चढायचं. सूर तुटला की देवी रुसते, गावात फटकीची साथ येते, असं म्हणत. आवडीचा सासरा याच पायऱ्यांवर गेला. सनई तोंडातच होती. लोक म्हणाले, "जन्माचं सोनं झालं!"

आवडीला मात्र सनईच्या, ओठांत धरायच्या पत्तीवरचं रक्त दिसायचं. ती पत्ती धुवायची तीच. परशाचे ओठ फाटलेले, कानात सदा घुंई चाललेली, छातीत कळ. त्या वर्षी ती गावचे मुख्य मानकरी असलेल्या गावकरांच्या दारात गेली.

"दादानू, औंदा मधे एकदा थांबू द्या त्यांना."

गावकर हसले. "अगो, घडशाची छाती म्हणजे लोहाराचा भाता. भाता कधी दमतो?"

"दमत नाही, फाटतो. मग लोहार तो शिवतो. ह्यांना कोण शिवणार?"

गावकर आत निघून गेले.

पालखी निघाली. दीडशेव्या पायरीवर परशाचे डोळे पांढरे झाले, तरी तो फुंकतच होता. आवडी गर्दीतून घुसली आणि तिने सनई त्याच्या तोंडातून ओढून काढली. सूर तुटला. ढोल थांबला. तिने ती सनई पालखीत देवीपुढे ठेवली.

"आई, न तुटणारा सूर हवा ना तुला? मग तूच फुंक."

पालखी एकाएकी पहाडासारखी जड झाली, असं म्हणतात. भोयांचे गुडघे टेकले. "रुसली! रुसली!" लोक ओरडले. गावकर स्वतः सनई उचलायला गेले, तर ती हलेना.

आणि मग सनई आपोआप वाजू लागली. झाडावरची पाखरं गप्प झाली. सूर एका श्वासाएवढा चालला आणि थांबला. डोक्यावरचा हंडा उतरवून बाई दम घेते ना, तसा श्वास आत ओढल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग सूर पुन्हा लागला. पुन्हा थांबला.

देवीसुद्धा मधे दम घेत होती!

गावकरांनी मुंडासं काढलं. इतकी वर्षं देवीच्या नावावर आपण माणसांचा जीव काढला, आणि तिने तो कधी मागितलाच नव्हता. आवडी तोवर परशाला सावलीत बसवून पेज पाजत होती. त्याचा श्वास जाग्यावर आला, तेव्हा पालखी फुलासारखी उचलली गेली, असं म्हणतात. फटकी? त्या वर्षी गावात साधा तापही आला नाही. आणि परशा नातवंडांना सनई शिकवेपर्यंत जगला.

आजही कातळवण्यात दीडशेव्या पायरीवर पालखी टेकते. सनई देवीपुढे ठेवतात, ढोलवाला गळ्यातला पट्टा सोडतो, आणि पेजेचा पहिला वाडगा वाजवणाऱ्यांचा. ऊन कितीही चढो, वाजवणारा आपणहून सनई उचलत नाही तोवर मानकरीसुद्धा 'चला' म्हणत नाहीत. कुणी घाई केलीच, तर म्हाताऱ्या बाया फटकारतात, "जाखाईनं दम घेतला, तुला रे कसली घाई?"