फ्लेक्सवरचे चेहरे

आमच्या गावच्या बेदाणा व्यापारी संघाचे अध्यक्ष आप्पासाहेब चौगुले. फ्लेक्सवरचा आपला फोटो त्यांना फार प्रिय. गेल्या वर्षी निर्यातीवर चर्चासत्र ठेवलं, तेव्हा चौकाचौकात एकटे तेच हात जोडून उभे होते. पुण्याहून आलेले जाणकार रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलून परत गेले.

यंदा त्यांनी संघाच्या चिटणीस सुलभा मगदूम यांना बजावलं, "वहिनी, सभागृह भरलं नाही तर चिटणीसपद सोडायचं."

"भरेल. पण फ्लेक्स मी करणार."

चर्चासत्राच्या सकाळी आप्पासाहेब चौकात थबकले. फ्लेक्सवर 'स्वागतोत्सुक' म्हणून द्राक्षं सुकवणारे शेडवाले, अडते, हमाल, बेदाणा निवडणाऱ्या बायका, सगळ्यांचे फोटो होते. अध्यक्षांचा कुठेच नव्हता. ते तडक सभागृहात गेले. तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो घरच्यांना घेऊन आला होता.

तरी त्यांचा राग आवरेना. सगळ्यांसमोर ते कडाडले, "वहिनी, फ्लेक्सवर अध्यक्षच नाही? मग लोकांनी यायचं कुणाकडे बघून?"

सुलभाताई शांतपणे म्हणाल्या, "आप्पासाहेब, ज्याचा फोटो असतो तो नक्की येतो. गेल्या वर्षी एकट्या तुमचा होता. तुम्ही आला होता."

पुढच्या रांगेतले हमाल मोठ्यानं हसले. आप्पासाहेब हसले नाहीत. भरलेल्या खुर्च्यांकडे बघत ते व्यासपीठावर गेले. त्या दिवशी त्यांनी भाषण लवकर आवरलं आणि पाहुण्यांना बोलायला भरपूर वेळ मिळाला.