तानाक्काची तार

ऐका. ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची. किती, ते विचारू नका. गारमाळावर वर्षं मोजत नाहीत, हिवाळे मोजतात.

गारमाळ घाटमाथ्यावर. थंडी अशी की पहाटे गवतावरचं दहिवर गोठून पांढरं व्हायचं. गावात गाडी एकच आणि दवाखाना घाटाखाली. एका पावसाळ्यात गाडीतला कंप्युटर भिजून जळाला. फ्युएल इंजेक्शनची गाडी ती; कंप्युटरशिवाय इंजिनात पेट्रोल सोडणार कोण? शहरातले मेकॅनिक म्हणाले, भंगारात घाला.

तानाक्का तांबटीण म्हणाली, "माझ्या दारात आणा."

तानाक्का हंडे-कळश्या ठोकणाऱ्या घरातली. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण कोणता धातू तापला की कसा वळतो, हे तिच्या बोटांना ठाऊक. तिने इंजेक्शन उतरवलं, पेट्रोलचा जोराचा पंप काढून हलका बसवला आणि वर हवा-पेट्रोल मिसळणारा जुना कार्बोरेटर चढवला, विजेच्या चोकचा. थंड इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं, म्हणून चोकची झडप हवेचं तोंड मिटून धरते. वीज मिळाली की आतली दोन धातूंची गुंडाळी तापते, वळते आणि झडप उघडते. तानाक्काने चोकची वायर चावीच्या वायरीला जोडली. तिच्या दारात गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

थंडी पडली आणि पहाटेची गाडी म्हणून सुरू होईना. "बाईनं बांधलेलं इंजिन," पारावरचे पुरुष म्हणायचे, "रुसणारच." पारावर बसून दुसरं काय सुचणार होतं त्यांना!

मग एका पहाटे सरपण तोडताना रखमाच्या पायावर कोयता बसला. मांडीला फडका आवळला तरी रक्त थांबेना. तिला गाडीत घातलं. ड्रायव्हर खाशाबाने चावी फिरवली, टेपवर जाखाईची आरती लावली आणि हात जोडले. आरती पुरी झाल्याशिवाय तो स्टार्टर मारत नसे. घाटच तसा होता. आरती संपली. स्टार्टर घरघरला. इंजिन गप्प.

"आक्का, तुझ्या गाडीनं जीव घेतला गं हिचा!" खाशाबा रडकुंडीला आला.

तानाक्काने बॉनेट उघडून इंजिनावर हात ठेवला. बर्फ. चोकवर ठेवला. चटका.

"खाशाबा, आरती किती कडव्यांची?"

"पाच."

"पाच कडवी होईतो चावी चालूच ठेवतोस? मेल्या, इंजिन गारठलेलं आणि चोक तापून सताड उघडा! पण चूक तुझी नाही. वायर मी जोडलीय. बंद कर चावी!"

तिने पदर गोठल्या गवतावर भिजवून चोकवर दाबला. गुंडाळी थंड झाली, झडप मिटली. आता वायर न्यायची होती ऑल्टरनेटरच्या त्या टोकाला, जिथे इंजिन फिरल्याशिवाय वीज येत नाही. वायर वीतभर कमी पडली. असं म्हणतात, तिने मनगटातलं बापाने घडवलेलं तांब्याचं कडं नुसत्या बोटांनी ओढून त्याची तार केली. असं म्हणतात, तांबं तिच्या हातात मेणासारखं मऊ झालं. वर लुगड्याची चिंधी गुंडाळली.

"देवीला वाटेत हाक मार," ती म्हणाली. "आधी स्टार्टर."

इंजिन पेटलं. घाटभर खाशाबाने आरती तोंडाने म्हटली, ओरडून ओरडून. असं म्हणतात, वळणावळणावर धुकं आपण होऊन बाजूला झालं. रखमा वाचली. लंगडत का होईना, नातवंडं खेळवून गेली.

तानाक्का गेली तेव्हा पारावरचे तिला शेंदूर लावायला निघाले. बायकांनी अडवलं. "मिस्त्रीण होती," त्या म्हणाल्या, "मिस्त्रीणच राहू द्या."

आता गारमाळावर गाड्या पुष्कळ आहेत, चोक एकीलाही नाही. तरी थंडीच्या पहाटे तिथे आधी इंजिन सुरू करतात. मग ड्रायव्हर, प्रवासी, कडेवरची पोरंसुद्धा बॉनेटवर तळवे टेकतात आणि ऊब हाताला लागेपर्यंत गप्प उभी राहतात. देवाचं नाव त्यानंतर.