टिकली खेकडी आणि निरगुडीची फांदी

सांगा बरं, भरवसा कुणावर ठेवावा?
"हो हो, आत्ता करतो!" म्हणणाऱ्यावर?
की "आधी एवढं आण, मग करतो" म्हणणाऱ्यावर?
बसा इथं. मांडी घाला. टिकलीलाही हाच प्रश्न पडला होता.

टिकली कोण? एक इवलीशी खेकडी. कपाळावरच्या टिकलीएवढी. म्हणून नाव टिकली.
ओढ्याच्या काठावर तिचं बीळ. गोल गोल दार. आत गारेगार.
पण काठ होता उघडाबोडका. झाड नाही, झुडूप नाही.
मागच्या साली ओढ्याशेजारी राहणाऱ्या हौसाक्कानं तिथं एक झाड लावलं होतं. काठ अक्काचा, झाड बाजारातलं. फुलं काय, लालभडक! पण त्याला ओल सोसली नाही. मुळं कुजली आणि झाड पडलं. धाडदिशी!
मग एका सकाळी काठाची मातीही सुटली.
ढप्प!
बीळ बुजलं. टिकली कशीबशी बाहेर आली. पाय बाहेर, डोळे बाहेर. घर मात्र आत.

आणि टिकलीचं कवच आता घट्ट होत होतं. जुना सदरा घट्ट होतो ना, तसं. लवकरच ते काढायचं, नवं घालायचं. नवं कवच आधी मऊ मऊ असतं. तेव्हा बिळात लपून बसावं लागतं. बीळच नाही, तर लपायचं कुठं?

निघाली टिकली. तिरपी तिरपी, तुरु तुरु.
वाटेत भेटला बगळा.
"बगळोबा, मला लपायला जागा द्याल का?"
"हो हो! आत्ता देतो! ये अशी, माझ्या चोचीपाशी ये!"
इतक्या लगेच हो? टिकली थबकली. बगळ्याची चोच उघडलीच होती. टिकली दगडाखाली पळाली. सुर्रर्र!

दगडाखालून तिला दिसली निरगुडी. पलीकडच्या बांधावरचं झुडूप. मुळं घट्ट, काठ धट्टाकट्टा.
टिकली गेली. तिरपी तिरपी, तुरु तुरु.
"निरगुडी, निरगुडी, माझ्या काठावर येशील का?
काठ टिकेना,
टिकलीला घर मिळेना!"
निरगुडी म्हणाली, "येईन गं बाळा. ओल मला आवडते. पण मला पाय कुठं आहेत? हौसाक्का माझी फांदी लावेल, तर मी येईन."

टिकली गेली. तिरपी तिरपी, तुरु तुरु.
हौसाक्का अंगणात कोयत्याला धार लावत होती. खस्स खस्स.
"अक्का, अक्का, फांदी लावशील का?
निरगुडी येईना,
काठ टिकेना,
टिकलीला घर मिळेना!"
अक्कानं कोयता खाली ठेवला. "अगं बाई, तुझं घर गेलं? माझीच चूक ती. ओल्या जागेत भलतंच झाड लावलं. आता इथलीच झाडं लावीन. पण घाई नाही करायची. फांदी तोडली की वरच्या टोकाला शेणाचा गोळा लावावा लागतो. नाहीतर सुकते बिचारी. चंद्री शेण देईल, तर मी फांदी लावेन."

टिकली गेली. तिरपी तिरपी, तुरु तुरु.
चंद्री गाय गोठ्यात उभी. शेपटी हलवतेय. फट् फट्.
"चंद्री, चंद्री, शेण देशील का?
अक्का फांदी लावेना,
निरगुडी येईना,
काठ टिकेना,
टिकलीला घर मिळेना!"
"हम्माऽऽ! आधी सरळ चाल बघू!"
"आमच्यात असंच चालतात!"
"बरं बाई. पण शेण काय मी खिशात घेऊन फिरते? पोटात हिरवं गेलं, तर शेण येणार ना! लव्हाळा वाढेल, तर मी शेण देईन."

टिकली गेली. तिरपी तिरपी, तुरु तुरु.
लव्हाळा म्हणजे ओढ्याकाठचं उंच गवत. हा उभा होता खालच्या अंगाला, जिथं पाणी पोचतच नव्हतं. पण आता पिवळं पडलेलं. मान खाली.
"लव्हाळ्या, लव्हाळ्या, वाढशील का?
चंद्री शेण देईना,
अक्का फांदी लावेना,
निरगुडी येईना,
काठ टिकेना,
टिकलीला घर मिळेना!"
लव्हाळा हळूच म्हणाला, "घसा कोरडा पडलाय गं. ओढा वाहेल, तर मी वाढेन."

टिकली गेली. तिरपी तिरपी, तुरु तुरु.
ओढा डबक्यासारखा तुंबून बसला होता. डुब्... डुब्...
"ओढ्या, ओढ्या, वाहशील का?
लव्हाळा वाढेना,
चंद्री शेण देईना,
अक्का फांदी लावेना,
निरगुडी येईना,
काठ टिकेना,
टिकलीला घर मिळेना!"
ओढा म्हणाला, "मला काय इथं बसायची हौस आहे? माझी वाट गाळानं बुजली. म्हणून मी तुंबलो. म्हणून तुझा काठ भिजून सुटला. गाळ हलेल, तर मी वाहेन."

टिकली गेली. आता पाय दुखत होते. तिरपी... तिरपी... तुरु... तुरु...
वाटेत गाळ बसला होता. काळा काळा, गुबगुबीत.
"गाळा, गाळा, हलशील का?
ओढा वाहेना,
लव्हाळा वाढेना,
चंद्री शेण देईना,
अक्का फांदी लावेना,
निरगुडी येईना,
काठ टिकेना,
टिकलीला घर मिळेना!"
गाळ म्हणाला, "मी कसा हलू? मला कुणी उकरलं, तर मी हलेन."
"कोण उकरेल?"
"मला काय ठाऊक? एखादा हत्ती बघ जा."

हत्ती! इथं कुठला हत्ती? टिकली मटकन खाली बसली. नांगी रुतली गाळात.
तिनं नांगी ओढली.
चुबुक!
नांगीत गाळाची गोळी.
टिकलीनं गोळीकडे बघितलं. मग नांगीकडे बघितलं. घर कुणी खणलं होतं? टिकलीनंच की!
चुबुक! एक गोळी बाजूला.
चुबुक! दुसरी गोळी बाजूला.
चुबुक चुबुक, चुबुक चुबुक!
गाळ खदखदून हसला. "अगं, गुदगुल्या होतात!"
दिवसभर गोळ्या. दुसऱ्या दिवशीही गोळ्या. तिसऱ्या दिवशी गाळाला पडलं एक भोक. टिकलीएवढं.
भोकातून आला एक थेंब. टप्!
मग धार. सुळ्ळ्!
मग काय विचारता!

गाळ हलला.
गाळ हलला, ओढा वाहिला. खळखळ खळखळ!
ओढा वाहिला, लव्हाळा वाढला. सळसळ सळसळ!
लव्हाळा वाढला, चंद्रीनं खाल्ला. कचर कचर!
चंद्रीनं खाल्ला, आणि शेण दिलं. फतक!
शेण मिळालं, अक्कानं फांद्या तोडल्या. खटाक खटाक!
फांदीचे डोळे वर, बुंधा खाली. पायानं माती दाबली. दण दण! प्रत्येक फांदीच्या डोक्यावर शेणाची टोपी.
"आता कुणी हलवायचं नाही हं," अक्का म्हणाली. "मुळं धरू देत."
अक्का तिथंच थांबली नाही. निरगुडीच्या मागं लावली वाळुंज, तिला पाण्यात पाय बुडवून उभं राहायला आवडतं. तिच्या मागं जांभूळ. वर उंचावर करंज. सगळी इथलीच, ओलीची सवय असलेली.

थोडे दिवस गेले. निरगुडीला फुटलं एक पान. मग दोन. मातीखाली मुळांनी मुळांचे हात धरले. काठ झाला घट्ट मुट्ट.
टिकलीनं मुळांच्या मधोमध नवं बीळ खणलं. गोल गोल दार. आत गारेगार.
अक्का दाराशी वाकली. "टिकले, घर पसंत आहे का?"
आतून आवाज आला, "अक्का, आत्ता बघू नकोस! मी कवच बदलतेय!"
"बरं बरं, नाही बघत!" अक्कानं डोळ्यांवर हात ठेवला आणि हसत हसत घरी गेली.
चार दिवसांनी टिकली बाहेर आली. नवं कवच, चकचकीत. आणि थोडी मोठीसुद्धा. आता सदऱ्याच्या बटणाएवढी!

चला, आता तुम्ही हिशेब मांडा. बोटं काढा. ओढ्यानं काय दिलं? लव्हाळ्यानं काय दिलं? चंद्रीनं? अक्कानं? निरगुडीनं?
आणि टिकलीनं?
हिशेब खरा ठेवा हं. ती लहान आहे म्हणून तिची एकसुद्धा गोळी कमी धरू नका.