तांबडखोऱ्यातलं दार

“…आणि दारामागं काय आहे, अण्णा?”

सुदर्शनने वही अण्णा कुपवाड्यांच्या पुढे सरकवली. एकशे बारावं पान. वर सुबक अक्षरात एकच शब्द, ‘दार’. त्याखाली काही नाही. पान कोरं होतं.

“बाकी सगळं झालंय,” सुदर्शन म्हणाला. “एवढं एकच राहिलंय.”

मी खिडकीपाशी पलंगावर बसले होते. लग्नाला चार महिने झाले होते, आणि दर रविवारी दुपारी मी मिरजेतल्या अण्णांच्या या माडीवर येऊन बसत होते. खेळायला नाही. गावात नवऱ्याशिवाय ओळखीचं कुणी नव्हतं, आणि नवरा, सुदर्शन, रविवारी इथे असायचा.

खेळ असा. सहाजण टेबलाभोवती बसतात आणि एका गोष्टीतली माणसं होतात. कुणी तलवारवाला, कुणी मांत्रिक, कुणी चोर. सातवा पुठ्ठ्याच्या पडद्यामागे बसतो आणि उरलेलं सगळं जग होतो. नदी तोच, घाट तोच, राक्षसही तोच. काय करायचं ते माणसं सांगतात. जमलं की फसलं ते फासे सांगतात. आणि फासे कसे वाचायचे ते नियमांचं पुस्तक सांगतं.

अण्णा वीस वर्षं जग होते.

नोकरी पाटबंधारे खात्यात, ड्राफ्ट्समनची. त्यामुळे त्यांनी रचलेल्या तांबडखोऱ्यात एकही नदी चढाला वाहत नाही. नियमांचं पुस्तक त्यांना रद्दीवाल्याकडे मिळालं होतं, पहिली बारा पानं नसलेलं. त्या बारा पानांत काय असेल ते त्यांनी आणि खेळणाऱ्यांनी मिळून ठरवलं. जसं की, नवीन माणूस आला की पहिलं वर्षभर कंदील त्याने धरायचा. कंदील धरला की हातात तलवार धरता येत नाही. बाकीचे लढतात. नवा माणूस मागे उभा राहून उजेड दाखवतो.

सुदर्शनने कॉलेजात असताना तो वर्षभर धरला होता. अजून सांगतो.

आता अण्णांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. बाजूचं दिसणं गेलं होतं. समोरचं, बोगद्यातून पाहावं तेवढं, उरलं होतं. दिवाळीपर्यंत वाचता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आपल्यामागे त्या पडद्याआड कोण बसणार ते अण्णांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सुदर्शनला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की तो तसं कधी बोलला नव्हता.

त्याऐवजी त्याने अख्खं खोरं नियमांच्या नव्या आवृत्तीत आणायला घेतलं.

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जुन्या पुस्तकाची शिवण सुटली होती. ते नियम आता कुणी खेळत नाही. नवीन मुलं येतात, नवी आवृत्ती शिकून येतात, आणि या माडीवरून एका रविवारात परत जातात. असंच चाललं तर अण्णांच्या डोळ्यांबरोबर खोरंही मिटेल. हे शेवटचं तो अण्णांना बोलला नाही, मला बोलला.

अण्णा एवढंच म्हणाले होते, “कर की.”

त्याला साडेतीन महिने लागले. लग्नानंतर आम्ही चार दिवस महाबळेश्वरला गेलो, तिथे त्याने बावीस राक्षस बदलले. धुकं फार होतं, काही दिसलं नाही, असं मी सासूबाईंना सांगितलं.

आज ती जाडजूड फाइल टेबलावर होती. अण्णा पानं बोटांनी चाचपत होते, वाचत नव्हते.

“घाटातला म्हातारा राक्षस?”

“पूर्वी चाळीस घाव सोसायचा. आता एकशे दहा. प्रमाण काढलंय.”

“पुलावरची सरसाबाई?”

“तिला पूर्वी एक घाव पुरायचा. आता तीन.”

“खोकते का अजून?”

सुदर्शनने पान उलटलं. पुन्हा सुलटं केलं.

“खोकल्याला नियम नाही, अण्णा.”

“बरं…”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“आणि कंदील?”

“काढला.”

अण्णांचं बोट पानावर थांबलं.

सुदर्शनने समजावून सांगितलं. नव्या आवृत्तीत उजेडाचा मंत्र कुणालाही पहिल्याच दिवशी मिळतो. तेल नको, काच नको, हात अडकत नाही. म्हणून त्याने सगळ्यांच्या कागदांवरून कंदील खोडून टाकले होते. उजेड आता फुकट आहे, असं तो म्हणाला, आणि हे आपलं वाक्य त्याला थोडं आवडलंही.

अण्णांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही.

मग दाराचं निघालं.

तांबडखोऱ्याच्या टोकाला, डोंगराच्या पोटात, एक दगडी दार आहे. कडी नाही, कुलूप नाही. वीस वर्षांत ते उघडायचा सत्तेचाळीस वेळा प्रयत्न झाला. प्रत्येक वेळची नोंद वहीच्या मागच्या पानांवर होती, तारखेसकट. जुन्या नियमांत ते दार जवळपास अशक्य होतं. पण नव्या नियमांत, सुदर्शन म्हणाला, आपला चोर ते पहिल्याच फटक्याला उघडेल. त्याने हिशेब दोनदा करून पाहिला होता. चार वाजता सगळे येतील, पहिला डाव नव्या आवृत्तीतला, आणि ते सरळ दाराकडे जातील.

“म्हणून आत काय आहे ते मला आजच हवंय.”

“मला ठाऊक नाही,” अण्णा म्हणाले.

सुदर्शन हसला. “दुसऱ्या वहीत असेल.”

“दुसरी वही नाही.”

“मग डोक्यात.”

अण्णांनी टकलावरून हात फिरवला, तिथे काही सापडतंय का बघावं तसा.

“नाही रे.”

सुदर्शन खुर्चीत मागे टेकला. त्याचा चेहरा मी चार महिने पाहत होते, तो असा कधी झाला नव्हता. त्या दारासाठी एक माणूस सोलापूरहून दर रविवारी एसटीने यायचा. त्या दारासाठी सुदर्शनने पुण्यातली नोकरी घेतली नव्हती. हे मला लग्नानंतर कळलं. आधी कळलं असतं तर काय केलं असतं, याचा मी विचार केला नाही.

“वीस वर्षं…” तो अगदी हळू म्हणाला. “कोऱ्या पानाला धडका देत होतो आम्ही?”

मी उठून टेबलापाशी गेले. पान पाहिलं. कडेने पिवळं पडलं होतं. खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचा डाग होता, काळसर, गुळगुळीत. सत्तेचाळीस वेळा हे पान उघडलं गेलं होतं. सत्तेचाळीस वेळा एक माणूस हातात पेन घेऊन त्याच्यापुढे बसला होता, आणि त्याने काही लिहिलं नव्हतं.

इतकं वापरलेलं कोरं पान मी कधी पाहिलं नव्हतं.

“सूनबाई,” अण्णा म्हणाले. “तू दारासमोर आहेस. काय करतेस?”

मी खेळत नाही, असं मी सांगितलं.

“ते माहीत आहे. काय करतेस?”

सुदर्शन माझ्याकडे बघत होता. मी दाराचा विचार केला. गेल्या चार महिन्यांत मी बऱ्याच दारांसमोर उभी राहिले होते. न्हाणीघराच्या, सासूबाईंच्या खोलीच्या, आत बायका बोलत असताना स्वयंपाकघराच्या. त्या घरात मला एकच गोष्ट नीट जमली होती.

“टकटक करते,” मी म्हणाले.

सुदर्शन हसला. मग हसता हसता थांबला.

त्याने नवीन पुस्तक उघडलं. मागची सूची पाहिली. मग जुनं उघडलं, सुटी पानं सांभाळत. दार फोडायचा नियम दोन्हींत होता. जाळायचा होता, कुलूप काढायचा होता, भिंतीतून आरपार जायचा होता. मग त्याने वहीतल्या नोंदी वाचायला घेतल्या, पहिलीपासून. कुऱ्हाड. तेजाब. सुरुंग. मंत्र, मंत्र, मंत्र. एकदा कुणीतरी नवसही बोललं होतं.

सत्तेचाळिसावी नोंद वाचून त्याने वही मिटली.

“याला फासे कुठले टाकायचे, अण्णा?”

अण्णा उठले. टेबलाच्या कडेला हात लावत, पडद्यामागून बाहेर आले. जुन्या फायलींच्या पुठ्ठ्यांचा तो पडदा, त्याच्या या बाजूला ते उभे मी पहिल्यांदाच पाहत होते. पाय चाचपडत ते बाकापर्यंत गेले आणि माझ्या बाजूला बसले, जिथे खेळणारे बसतात.

पडद्यामागची खुर्ची रिकामी होती.

सुदर्शनने खुर्चीकडे पाहिलं. अण्णांकडे पाहिलं. अण्णा समोर बघत होते, दार तिकडेच असल्यासारखे.

तो पडद्यामागे गेला. दोन्ही हातांत दोन पुस्तकं होती. बसताना ती कुठे ठेवावीत त्याला कळेना. शेवटी त्याने दोन्ही खाली जमिनीवर ठेवली.

मला वाटलं, तो फाइल मागेल. पाणी मागेल. त्याने काहीच मागितलं नाही. त्याचे डोळे उघडे होते, पण माडीवर नव्हते.

“आतून…” तो म्हणाला.

मी थांबले.

“आतून पावलं येतात. अनवाणी. घाई नाही त्यांना. दाराच्या पलीकडे येऊन थांबतात…”

टॉवेल कुठे आहे असं विचारणारा आवाज हा नव्हता. हा आवाज त्याच्याकडे आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या बोटांच्या पेरांना दगडाचा गारवा लागला. खरंच लागला.

“…आणि कुणीतरी विचारतं, कोण आहे?”

मला नावं दोन होती, एक माहेरचं आणि एक चार महिन्यांपूर्वी तांदळात लिहिलेलं, आणि त्या दारापुढे दोन्ही थोडी उसनी वाटत होती. मी वळून मागे पाहिलं, कुणी आहे का ते.

अण्णांनी एक कोरा कागद पुढे ओढला होता. खेळणाऱ्याचा असतो तसा. नाक कागदाला लावून त्यांनी वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरांत त्यावर एक शब्द लिहिला. मग पेन्सिल ठेवली आणि पडद्याकडे तोंड केलं.

“मी हिच्या मागं उभा आहे,” ते म्हणाले. “कंदील माझ्याकडे आहे.”