मुक्कामाची काठी

“...पण मग ती खोली स्वस्त पडली कशी, अच्युता?”

“लांब आहे म्हणून, बुवा. लोक तलावाला चिकटून खोली शोधतात आणि लुटले जातात. मी तलावाकडं पाठ केली आणि चालत सुटलो. स्टेशन ओलांडलं की भाव उतरायला लागतात. हायवे दिसला की आणखी उतरतात.”

“आणि तू कुठं थांबलास?”

“हायवेच्या पलीकडं.”

बुवा हसले नाहीत. मी हसलो. मला हसू आवरत नाही, ही माझी जुनी खोड.

ही गोष्ट उदयपूरची. दिवाळीनंतरचे दिवस होते आणि शहरात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी ज्या खोलीत कुणी बकरी बांधणार नाही, तिलाही लोक रांग लावत होते.

बुवा मूळचे वाईचे. तिथं कृष्णेच्या घाटावर अच्युत खांबेटे दहा वर्षं त्यांच्याकडं येत होता. उतारवयात बुवा इथं तलावाजवळच्या गल्लीतल्या एका लहानशा मठात येऊन राहिले. त्यांच्या भाकऱ्या थापायला मीही मागोमाग आलो. माझं नाव केरबा. माझं या गोष्टीत फारसं काम नाही.

अच्युत विमा कंपनीतून लवकर निवृत्त झालेला. दोन सदरे, एक पिशवी, आणि एक वही. त्या वहीत एकतीस गावांतल्या स्वस्त खोल्या लिहिलेल्या होत्या. कुठं कुणाकडं उतरावं हे विचारायला निम्मा सातारा त्याला फोन करतो, असं तोच सांगायचा. खोटं नसावं.

“खोलीला खिडकी आहे?” बुवांनी विचारलं.

“नाही. खिडकीचे जास्त घेतात. आणि खिडकी हवी कशाला? खोलीत माणूस डोळे मिटायला जातो.”

“गादी?”

“आहे की. पातळ आहे जरा.” अच्युत जरा पुढं सरकला. “बुवा, हे तुमच्याकडूनच शिकलो मी. तुम्हीच सांगायचात, माणसाला पाठ टेकण्यापुरती जागा पुरते.”



“कुणाची पाठ?”

“...म्हणजे?”

बुवांनी दाराकडं पाहिलं.

दाराशी लाकडी बाकावर अच्युतची आई बसली होती. सरोजिनीबाई. वय अठ्ठ्याहत्तर. साताऱ्यातल्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेला. बुवांनी निरोप धाडला होता म्हणून अच्युत आज त्यांना घेऊन आला होता, नाहीतर आजही त्या खोलीतच राहिल्या असत्या. त्या गुडघ्यावर हात ठेवून बसल्या होत्या आणि हात हळूहळू फिरत होता. आपण पाहतोय असं दिसलं की तो थांबायचा.

“बाई, तलाव पाहिलात?” बुवांनी विचारलं.

“हो, पाहिला की. परवा रिक्षातून दिसला. छान आहे.”

“केवढा वेळ दिसला?”

“वळण होतं ना...” बाई म्हणाल्या. “वळणापुरता.”

“शाळेत शिकवत होतात तुम्ही. राजस्थानातले तलाव.”

“दर वर्षी. सातवीला.” बाई एकदम ताठ झाल्या. “निळ्या खडूनं काढायचे मी फळ्यावर. बेटासकट. मुली म्हणायच्या, बाई, तुम्ही गेलाय का तिथं? मी म्हणायचे, जाणार आहे.”

“तिला तेवढी हौस नाही, बुवा,” अच्युत मध्येच म्हणाला. “काल म्हटलं, चल घाटावर. तर म्हणाली, तूच जाऊन ये.”

“मग काल दिवसभर काय केलंत, बाई?”

“खोलीत होते. वाचत होते.”

“काय वाचलंत?”

बाई जरा ओशाळल्या. “लॉजचं कार्ड आहे ना, त्याच्या मागं शहराचा नकाशा छापलाय. लहानसा आहे. तोच.”

मी शेंगा सोलत होतो. हात थांबला माझा. खरं सांगायचं तर मला अच्युतचा राग आला. तीस वर्षं फळ्यावर तलाव काढणारी बाई तलावाच्या गावात येते आणि बिनखिडकीच्या खोलीत बसून कार्डावरचा नकाशा वाचते. आणि उद्या दुपारी यांची परतीची गाडी.

मी तोंड उघडणार होतो. बुवांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी पुन्हा शेंगा घेतल्या.

“अच्युता, आम्ही पायी फिरायचो ते तुला माहीत आहे.”

“हो. तेरा जणांची जमात होती तुमची.”

“तेरा साधू. रोज नवं गाव. रोज उतरायला नवी जागा. ती जागा कोण निवडायचं, सांग.”

“तुम्ही?”

“मी तरुण होतो. मला कुठलीही जागा चालायची. म्हणून मला कुणी विचारायचं नाही.”

“मग कोण निवडायचं?”

“आमच्यात केशवगिरी म्हणून होता. सगळ्यात म्हातारा. काठी त्याच्या हातात. तो पुढं, आम्ही बारा मागं. तो जिथं काठी टेकून बसला, तिथं मुक्काम. मग ती राजाची बाग असो नाहीतर कुंभाराची भट्टी.”

“आणि तो उकिरड्यावर बसला तर?”

“एकदा बसला.”

“मग?”

“मुक्काम केला.”

बुवा उठले. कोपऱ्यातली आपली काठी घेतली आणि अच्युतच्या हातात दिली.

“बाईंना दे. त्या पुढं, तू मागं. त्या बसतील तिथं तुमची आजची खोली.”

अच्युतच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आमची गल्ली उतरत उतरत घाटाकडं जाते, आणि घाटाकडं जाल तशी हॉटेलं वाढत जातात. शेवटाला तर राजेमहाराजांसारखे फेटे बांधलेले दरवान उभे असतात.

“बुवा, खाली सगळी महागडी हॉटेलं आहेत. ती त्यांच्यापैकी एखाद्याच्या पायरीवर बसली तर?”

“तर तुझी वही इथं ठेवून जा.”

अच्युतनं खरंच वही काढली आणि बाकावर ठेवली. कुणाच्या हातून दागिना सुटावा तशी ठेवली.

“आणखी एक,” बुवा म्हणाले. “हात धरायचा नाही. पुढं जायचं नाही. बोलायचं नाही.”

“पण बुवा, ती चालते हो चांगली. कधी तक्रार नाही तिची.”

“मग बघ की.”

बाई उभ्या राहिल्या. काठी त्यांनी मधोमध धरली, नकाशावर गाव दाखवायची छडी धरावी तशी. बुवांनी ती काढून घेतली, मूठ वर करून पुन्हा हातात दिली.

“कुठं जायचं, बुवा?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला वाटेल तिथं.”

हे ऐकून बाई क्षणभर गोंधळल्या. बहुधा बऱ्याच वर्षांत त्यांना असं कुणी म्हटलं नसावं.

त्या निघाल्या. मागून अच्युत. बुवा उंबऱ्यात उभे राहिले आणि मी त्यांच्या मागं, शेंगांचं सूप हातात घेऊन.

पहिली पाच-सहा पावलं बाई अगदी झोकात चालल्या. आपल्याला पाहताहेत हे त्यांना ठाऊक होतं.

मग डावा हात भिंतीला लागला.

चित्रांच्या दुकानापाशी त्या थांबल्या. काचेत एक हत्ती रंगवलेला होता. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. अच्युतही थांबला. आईला चित्रं आवडतात, असं त्याला वाटलं असावं.

पुढं एक बंद दार होतं. बाई तिथंही थांबल्या आणि दाराकडं पाहू लागल्या.

बंद दारात पाहण्यासारखं काय असतं... अच्युतनं तोंड उघडलं. मग बुवांची अट आठवली असावी. त्यानं तोंड मिटलं.

आणि त्यानं खाली पाहिलं. आईच्या पायांकडं.

पुढं तीन पायऱ्या होत्या. तुम्ही-आम्ही उतरताना त्या मोजतही नाही. बाई पायरीला आडव्या वळल्या. काठी खाली टेकली. डावा पाय खाली. मग उजवा पाय आणून त्याच्या शेजारी. मग श्वास. मग पुन्हा काठी.

तिसऱ्या पायरीवर त्या जरा कलल्या. अच्युतचा हात पुढं गेला आणि हवेतच थांबला. तो हात परत घ्यायला त्याला किती कष्ट पडले ते मला दारातून दिसत होतं.

साताऱ्यात, गाडीत, स्टेशनवर, सगळीकडं तो पुढं असायचा. झपाझप चालणारा माणूस. आई मागून यायची. ती कशी यायची हे त्याला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं.

गल्लीच्या वळणावर एक जुना दगडी चौथरा आहे. पूर्वी घोड्यावर चढायला बांधलेला, रस्त्यात एकटाच उभा. अजून एकही हॉटेल आलं नव्हतं. फेटेवाला दरवान तर फारच लांब.

बाईंनी काठी टेकली आणि त्या चौथऱ्यावर बसल्या.

बुवा आत आले. मीही आलो. मी चूल पेटवली.

बऱ्याच वेळानं अच्युत परत आला. दारातच उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते आणि ते लपवायचं त्याला सुचलं नव्हतं.

“अडतीस पावलं, बुवा. दारापासून चौथऱ्यापर्यंत.”

त्यानं दाराची चौकट धरली.

“परवा रिक्षावाल्यानं आम्हाला हायवेवरच उतरवलं. तिथून खोलीपर्यंत मी तिला चालवत नेलं. मैलभर असेल. मी पुढं होतो. दोनदा मागं वळून ओरडलो... लवकर चल म्हणून.”

“मग बाई काय म्हणाल्या?”

“ती म्हणाली, आले, आले.”

चुलीवर पाणी उकळायला लागलं होतं. मी ते उगाच ढवळलं. त्याच्यावरचा माझा राग कुठं गेला कळलं नाही.

“चौथऱ्यासमोरच्या घरात खाली एक खोली आहे,” अच्युत म्हणाला. “खिडकी तलावाकडं. गादी चांगली जाड. मालकीणबाई हायवेच्या चौपट भाव सांगते.”

“मग?”

“घेतली.”

“घासाघीस केली असशील.”

“नाही केली.”

माझ्या हातातून डाव पडला. मालकीणबाईलाही नवल वाटलं असणार. पण भाव काही तिनं कमी केला नाही. या गल्लीतल्या बायका आल्यागेल्याला पाणी विचारतात, खोलीचा भाव मात्र सोडत नाहीत.

“सामान हायवेकडं पडलंय,” अच्युत म्हणाला. “ते आणायला हवं.”

“केरबा आणेल.”

केरबाला कुणी विचारलं नव्हतं. पण केरबानं चूल विझवली आणि पायात चपला घातल्या.

“मग मी खोली झाडून घेतो. पाणी भरून ठेवतो.”

“मालकीणबाई करेल.”

अच्युतला हातांचं काय करावं कळेना. बाकावरची वही त्यानं पाहिली आणि तिथंच राहू दिली.

“बुवा, ती खोलीत यायलाच तयार नाही. म्हणते, इथंच बसते थोडा वेळ. तिथं दोन घरांच्या फटीतून तलाव दिसतो. एवढासा. पलंगाच्या चादरीएवढा. घाटावर गेलं तर सगळा दिसेल. रिक्षा आणू का? वाडा राहिला, बाग राहिली, नावेतून फिरायचं राहिलं. उरलाय आजचा दिवस आणि उद्याची सकाळ... मी आता काय करू?”

बुवा पुन्हा उंबऱ्यात जाऊन उभे राहिले. आम्हीही गेलो.

खाली वळणावर बाई चौथऱ्याच्या कडेला बसल्या होत्या. घराची मालकीण पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी होती. बाईंनी काठी उचलली होती, पुन्हा मधोमध धरली होती, आणि त्या फटीतल्या पाण्याकडं रोखून त्या तिला काहीतरी समजावून सांगत होत्या. बेट कुठं, पाणी येतं कुठून, जातं कुठं. मालकीण जन्मापासून त्याच तलावाकाठी राहिलेली. ती मान डोलावत होती.

काठी वर होती. पण पाठ वाकत चालली होती.

बुवांनी ते पाहिलं.

“आईच्या मागं बस,” ते म्हणाले. “त्या चौथऱ्याला टेकायला काही नाही.”